सभामंडपात पुन्हा वाचन व्हावे
(जीर्णोद्धार सोहळ्यात केलेले भाषण)



देवाच्या कृपेने देऊळ उभे राहिले. ज्यांनी हजारो रुपये दिले त्यांचे, आणि ज्यांनी पायलीभर भात किंवा चार दिवसांची मेहनत दिली त्यांचेही उपकार गावावर सारखेच आहेत. मी कचेरीतला साधा कारकून, शिक्षण एस. एस. सी. पर्यंत. साहित्यावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. पण पुस्तकांचा नाद आहे, म्हणून समितीने दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली.

जुन्या देवळात श्रावणात पोथी लागत असे. माझे आजोबा चौथी शिकलेले. समईजवळ बसून ते श्रीधरस्वामींचा 'पांडवप्रताप' वाचीत आणि दुसरे कोणी अर्थ सांगे. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांनाही कर्ण आणि कुंती घरच्या माणसांसारखी माहीत होती. त्या सवयीमुळे कसलाही कागद हाती आला, तरी आजोबा तो दोनदा वाचल्याशिवाय खाली ठेवीत नसत.

आता घरोघरी दहावी-बारावी झालेली मुले आहेत. तरीही मध्यंतरी एक आजी नातवाला घेऊन माझ्या टेबलाशी आल्या. हातात फेरफाराची नोटीस. हरकत घ्यायला पंधरा दिवसांची मुदत होती, ती टळून गेली होती. नोटीस घरी आली तशी देवाच्या तसबिरीमागे नीट ठेवली होती, पण वाचली कोणीच नव्हती. नातू दहावी पास. "एवढं कोण वाचत बसतंय," म्हणाला. मंडळी, अक्षर येते पण वाचन नाही, अशी ही गत आहे. वाचनाची गोडी नोटिसा वाचून लागत नाही. ती चांगल्या पुस्तकाने लागते.

अशी पुस्तके शोधायला आपल्याला लांब जायला नको. 'मृत्युंजय'कार शिवाजी सावंत १९४० साली आपल्या आजऱ्यातच जन्मले. 'मृत्युंजय' १९६७ साली निघाले तेव्हा ते सत्तावीस वर्षांचे होते. पोथीतला कर्ण आपण दुसऱ्याच्या तोंडून ऐकला. इथे तो स्वतः बोलतो, कुंती बोलते, दुर्योधनही आपली बाजू मांडतो. गावचा लेखक असूनही मी हे पुस्तक नोकरीला लागल्यावर वाचले, याची मला लाज वाटते. २०२५ साली 'छावा' सिनेमा आपण गर्दी करून पाहिला. त्याच्या मुळाशी असलेली कादंबरीही सावंतांचीच, १९७९ सालची. सिनेमा तीन तासांत संपतो. पुस्तकातले संभाजीराजे महिनाभर सोबत राहतात.

शेजारच्या चंदगड तालुक्यातल्या कोवाडच्या रणजित देसाईंनी 'स्वामी'त माधवराव पेशवे उभे केले. कागलच्या आनंद यादवांचे 'झोंबी' १९८७ चे. मळ्यात राबवू पाहणारा बाप आणि शाळेसाठी तडफडणारा मुलगा त्यात आहे. शाळा सोडू पाहणाऱ्या पोराने ते वाचावे, आणि त्याच्या बापानेही. पन्हाळा भागातल्या कृष्णात खोत यांच्या 'रिंगाण'ला २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. धरणात गाव गेलेल्या माणसांची ती कथा आहे. धरणग्रस्त म्हणजे काय, हे आपल्या तालुक्याला वेगळे सांगायला नको.

माझी एक विनंती आहे. नव्या सभामंडपात एक कपाट ठेवावे आणि दर गुरुवारी आरतीनंतर अर्धा तास पुस्तक मोठ्याने वाचावे. वाचणारा शाळेतला मुलगा किंवा मुलगी असावी, आणि ऐकायला आपण सर्वांनी बसावे. सुरुवातीला पाच पुस्तके मी माझ्या पगारातून देतो. पुढची श्रीमंत गंगामाई वाचन मंदिरातून सभासद होऊन आणता येतील. ज्या आजींचे मी सांगितले, त्यांच्या नातवाला पहिल्या गुरुवारी 'झोंबी' वाचायला बसवणार आहे. तो "बघतो" म्हणाला आहे.

कळस चढला, मूर्ती बसली. पण देवळात पुन्हा पोरांचा वाचण्याचा आवाज घुमेल, तेव्हाच माझ्या मते जीर्णोद्धार पुरा झाला असे म्हणता येईल.