बाहुलीवर शिकवणाऱ्या ताईंनी परिषदेत बोलावं



आज एका बाहुलीची गोष्ट सांगते. नर्सिंगच्या वर्गात असते ही, नवजात बाळाएवढी. जन्मल्यावर बाळ रडलं नाही, श्वास घेईना, तर पहिल्या मिनिटात काय करायचं ते हिच्यावर शिकवतात. अंग पुसायचं, पाठ चोळायची, मान बेताची मागे न्यायची, तरीही श्वास नसेल तर नाका-तोंडावर मास्क नीट बसवून पिशवी दाबायची. छाती वर आली की जमलं. खऱ्या बाळावर चुकून चालत नाही, म्हणून चुका बाहुलीवर करून घ्यायच्या. याला सिम्युलेशन म्हणतात. हुबेहूब सराव म्हणा हवं तर.

आमच्या गटातल्या एक सिस्टर हे शिकवतात. वर्गात सगळ्या मुलींना जमायचं, तरी त्यांना खात्री वाटेना. एक दिवस त्यांनी खोलीतले दिवे घालवले, एका मुलीला सासू केलं आणि सांगितलं, ओरड, रड, बाळाला काय झालं म्हणून विचारत राहा. मोबाईलच्या उजेडात त्याच हुशार मुली गडबडल्या. हात बरोबर चालत होते, पण मदतीला हाक मारायची राहून गेली आणि घड्याळाकडे कुणी पाहिलंच नाही. पुढच्या वेळेपासून सिस्टरांनी कामं वाटून दिली. एकीने वेळ मोजायची, एकीने सासूशी बोलायचं.

मी म्हटलं, "सिस्टर, हे तुम्ही परिषदेत मांडा." त्या हसल्या. "अगं, आम्ही खेळ खेळतो. तिथं मोठमोठे डॉक्टर, सगळं इंग्रजीत."

मला आपल्याच जिल्ह्यातलं जामखेड आठवलं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 साली तिथं काम सुरू केलं आणि गावच्या बायकांना आरोग्याचं शिक्षण दिलं. त्यांतल्या मुक्ताबाई पोळ 1988 मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टनच्या परिषदेत बोलल्या. सभागृहात झुंबरं होती. मुक्ताबाईंनी साधे दिवे काढले, एकावरून दुसरा लावला आणि सांगितलं की झुंबराला हे जमत नाही, आम्हाला जमतं. खेड्यातली बाई जगातल्या तज्ज्ञांपुढे तिच्या कामाचं बोलली, आणि त्यांनी ऐकलं.

गडचिरोलीचंही सांगते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायकांना नवजात बाळांची घरी काळजी घ्यायला शिकवलं. 39 गावांत काम झालं, बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. पण त्यांनी मोजलं, लिहिलं, आणि 1999 मध्ये ते 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध साप्ताहिकात छापून आलं. आज बाळंतिणीच्या घरी आशाताई 42 दिवसांत सहा-सात वेळा येते, त्याचं मूळ तिथं आहे. लिहिलं नसतं तर ते त्या गावांतच राहिलं असतं.

सिस्टरांचं तसंच होईल, ही माझी काळजी. त्या निवृत्त झाल्या की अंधारातला सराव संपला.

परिषदेला आधी गोषवारा पाठवतात, बहुधा अडीचशे-तीनशे शब्दांचा. अडचण काय होती, काय केलं, काय दिसलं, एवढंच. 'मुली सुधारल्या' असं मोघम नको. किती मुली होत्या, पहिल्यांदा किती जणींनी हाक मारली, तीन महिन्यांनी पुन्हा पाहिलं तेव्हा किती जणींच्या लक्षात होतं, हे आकडे हवेत. सराव सुटला की हात विसरतात, म्हणून शेवटचा आकडा वाईट आला तरी लपवू नका, तोच जास्त कामाचा. संस्थेची आणि मुलींची परवानगी आधी घ्या. बोलायची भीती वाटत असेल तर पोस्टर लावता येतं, त्याच्याशेजारी उभं राहून विचारणाऱ्याला सांगायचं. इंग्रजीसाठी कॉलेजात कुणीतरी मदत करतं.

घर कोण सांभाळणार, हा प्रश्न पुरुष डॉक्टरांना कुणी विचारत नाही, ते जाऊ द्या. दोन दिवस सिस्टरांच्या मुलांचं जेवण आम्ही दोघी करणार आहोत. प्रवासासाठी गटातून अंतर्गत कर्जही मिळेल. शेळीला देतो, याला का नाही?

पुढच्या मासिक बैठकीत सिस्टर त्यांचं भाषण आधी आपल्यासमोर करणार आहेत. आठ मिनिटं, मोबाईलवर गजर लावून. बाहुलीही आणणार आहेत. कळलं नाही तिथं थांबवून विचारा, आणि सासू कोण होणार ते ठरवून या.