द्वारपालास नवी लिपि शिकवा



एका जुन्या वाड्याच्या मालकानें आपलें सारें दफ्तर रातोरात मोडींतून बाळबोधींत उतरविलें. परंतु दफ्तरांतील हुकूम वाचून रोज पहांटे वाडा उघडणाऱ्या द्वारपालास मोडीखेरीज कांहींच वाचतां येत नसलें तर काय होईल? वाडा शाबूत, दफ्तर शाबूत, आणि तरीहि दरवाजा बंद! संगणकांत हा प्रसंग खरोखरच घडतो.

सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीनें 'झेडएफएस' नांवाची फाइल-व्यवस्था निर्माण केली व २००५ सालीं तिची मूळ संहिता खुली केली. फ्रीबीएसडी या विनामूल्य कार्यप्रणालींत ती २००८ सालच्या ७.० या आवृत्तीपासून समाविष्ट झाली. या व्यवस्थेंत अनेक डिस्का मिळून एक सामाईक साठा होतो. कार्यप्रणाली नवी झाली कीं साठ्यासहि नवीं वैशिष्ट्यें देतां येतात, व 'झेडपूल अपग्रेड' ही आज्ञा तीं एकदम सुरू करते. मात्र ही वाट एकेरी आहे; मागें फिरतां येत नाहीं.

खरी मेख पुढेंच आहे. संगणकास जागें करणारा छोटासा बूट-कोड हा साठ्याच्या आंत नसून डिस्कच्या निराळ्या भागांत राहतो. साठा नवा केला म्हणून तो बदलत नाहीं. चालू यंत्रांत नवी प्रणाली जागी असल्यामुळें सर्व कांहीं सुरळीत दिसतें. असे महिने लोटतात. मग एके रात्रीं वीज जाते, यंत्र पुन्हां सुरू करावें लागतें, आणि एखादें नवें वैशिष्ट्य न उमगल्यामुळें जुना बूट-कोड उंबऱ्यावरच थबकतो. चूक केव्हां झाली, हें तोंवर कोणाच्या स्मरणांतहि नसतें.

यासाठीं क्रम पाळावा: आधीं कार्यप्रणाली, मग बूट-कोड, आणि सर्वांत शेवटीं साठा. बायोस पद्धतीच्या यंत्रांत 'जीपार्ट बूटकोड' या आज्ञेनें नवा कोड लिहावा. यूईएफआय पद्धतीच्या यंत्रांत 'लोडर डॉट ईएफआय' या फाइलीची नवी प्रत ईएफआय विभागांत ठेवावी. विभागाचा क्रमांक 'जीपार्ट शो' या आज्ञेनें स्वतः पाहून घ्यावा. दुसऱ्याचा क्रमांक उतरून घेतल्यास भलताच विभाग पुसला जावयाचा. दोन डिस्कांवर एकच मजकूर ठेवला असेल, तर नवा कोड दोहोंवरहि लिहावा. नाहीं तर एक डिस्क निकामी होतांच दुसरीच्या दारांत जुनाच द्वारपाल उभा असावयाचा!

आणि विसर पडलाच, तरी हातपाय गाळूं नयेत. कागदपत्रें व छायाचित्रें साठ्यांत सुरक्षित असतात. नव्या आवृत्तीच्या पेन ड्राइव्हवरून यंत्र सुरू करून तेथूनच नवा बूट-कोड लिहितां येतो.

कांहीं वैशिष्ट्यें अद्याप सुरू नाहींत असें यंत्र सांगतें, ती केवळ सूचना होय, दोष नव्हे. तेव्हां दफ्तराची लिपि बदलण्याची घाई नको. आधीं द्वारपालास ती शिकवावी, एवढें श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावें.