परिषदेची संध्याकाळ

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

एखाद्या परिषदेची पत्रिका हातात पडली, की मी आधी शोधनिबंधांची यादी वाचत नाही. संध्याकाळी काय ठेवलंय, ते पाहतो. हसू नका. दिवसा प्रत्येकाला सात-आठ मिनिटं मिळतात, मग घंटा वाजते आणि अध्यक्ष म्हणतात, "चर्चा चहाच्या वेळी करू." चहाच्या वेळी चहासाठी रांग असते. म्हणजे खरी चर्चा उरते ती संध्याकाळवर.

आणि संध्याकाळ घालवायला आमच्या गावासारखं गाव नाही. आज त्याला छत्रपती संभाजीनगर म्हणतात. मलिक अंबरनं १६१० मध्ये ते 'खडकी' म्हणून वसवलं, आणि मी सांगतोय ती गोष्ट घडली तेव्हा ते औरंगाबाद होतं. दुपारची जेवणं उरकून पाहुण्यांना वेरूळला न्यावं. लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत, त्यामुळे उतरत्या उन्हात कैलासाचा दगड उजळतो. फक्त वार बघून न्यावं. मंगळवारी वेरूळ बंद असतं. एका संयोजकांनी नेमका मंगळवार धरला होता आणि दोन बसगाड्या भरून विद्वान मंडळी फाटक पाहून परतली! गावातच थांबायचं असेल, तर पाणचक्की आहे. दूरच्या झऱ्याचं पाणी जमिनीखालच्या नळांतून आणून त्यावर पिठाचं जातं फिरवलं, हे पाहताना इतिहासवाल्यांना आणि अभियांत्रिकीवाल्यांनाही बोलायला विषय मिळतो. रात्री मटण खाणाऱ्यांना नान-खलिया आणि बाकीच्यांना आपलं वरण, भाकरी, ठेचा.

हे सगळं मला ठाऊक होतं. तरीही एका संस्थेच्या परिषदेत जेवण व करमणुकीची जबाबदारी माझ्याकडे आली, तेव्हा मी काय केलं? ऑर्केस्ट्रा आणला. शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू येऊ नये एवढे मोठे कर्णे लावले. आणि जेवणाची कुपनं दोन रंगांची छापली. गुलाबी कुपन निमंत्रित पाहुण्यांना, त्यांची टेबलं आत, खुर्च्यांना पांढरी कापडं. पिवळं कुपन बाकीच्यांना, मांडव बाहेर. गर्दी आवरायला सोपं पडतं, असं मीच समितीला पटवून दिलं होतं.

त्या परिषदेत जालन्यापलीकडच्या एका गावचा विद्यार्थी आला होता. निवासाचं शुल्क परवडत नाही म्हणून रोज एसटीनं ये-जा करायचा. गावच्या आठवडी बाजाराच्या करासंबंधीचे मोडी कागद त्याला कुणाच्या तरी माळ्यावर सापडले होते. निजामी राजवटीतले असे गावपातळीवरचे कागद नीट वाचणारे फार थोडे. त्यांतले एक पुण्याचे गृहस्थ आत पांढऱ्या खुर्चीवर बसले होते. हा बाहेर, प्लॅस्टिकच्या पिशवीत कागदांच्या झेरॉक्स घेऊन उभा. दारावरच्या स्वयंसेवकानं पिवळं कुपन पाहून त्याला परत पाठवलं. मला दिसलं. थोड्या वेळानं आत नेऊ म्हटलं आणि मी श्रीखंड कमी पडतंय का ते बघायला गेलो. भाषणं लांबली, जेवण साडेनऊला सुरू झालं. तोवर तो न जेवताच शेवटच्या गाडीला गेला होता.

दुसऱ्या दिवशी निरोप घेताना पुण्याच्या सरांनी मला विचारलं, "अहो, काल तो बाजाराच्या करावर वाचणारा मुलगा कुठाय? घंटा वाजली म्हणून त्याचं राहिलंच. मला त्याला एक शब्द विचारायचा होता."

पत्ता शोधून देतो म्हणालो. नोंदणीच्या वहीत नुसतं नाव आणि गाव होतं.

पुढच्या खेपेला मी कुपनं एकाच रंगाची केली, ऑर्केस्ट्रा रद्द केला आणि जेवण सातला ठेवलं. बसस्थानकावर सोडायला साडेआठला एक गाडी ठेवली; तिचा सर्वांत जास्त उपयोग महिला प्राध्यापकांना झाला, हे आधी माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. "करमणूक काहीच नाही," अशी कुरकुर समितीत झाली. पुण्याचे सर पंगतीत बसले होते.

तो मुलगा मात्र आला नाही. तासिका तत्त्वावर कुठेतरी शिकवायला लागला होता म्हणे. दोन दिवस गेला, तर तेवढ्या तासांचे पैसे बुडतात.