वसईच्या फरशीवरची अक्षरे
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

मी राहतो चारकोपला. जुने चारकोप गाव सोडले तर आमची वसाहत म्हाडाने जागतिक बँकेच्या साह्याने वसवलेली. तेव्हा पुरातन म्हणावे असे दाराशी काही नाही. पण लिंक रोडने रिक्षा केली की थोड्याच वेळात बोरिवलीचे मंडपेश्वर येते. खाली शैव लेणी, आणि डोक्यावर पोर्तुगीज मठाच्या पडक्या भिंती. सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी या लेण्याचे चर्च केले. एका भिंतीवरचे शिल्प तासून तिथे क्रूस कोरला. तो अजून आहे, आणि आतच दुसरीकडे नाचणारा शिवही आहे.

कॅमेरा घेऊन पहिल्यांदा गेलो तेव्हा मी नटराजाचेच फोटो काढले. क्रूसाकडे पाठ फिरवली. राग आला होता, खोटे कशाला सांगू?

मग वसईचा नाद लागला. शाळेत आम्हाला वसई ठाऊक ती १७३९ सालच्या चिमाजीअप्पांच्या विजयामुळे. १५३४ पासून तोवर, म्हणजे दोनशे वर्षांहून अधिक काळ, ती पोर्तुगीजांकडे होती, हे आम्ही परीक्षेपुरते पाठ केलेले. किल्ल्यात जेझुइटांचे, डॉमिनिकनांचे, फ्रान्सिस्कनांचे अशी चर्च आहेत. छपरे गेली, कमानी उभ्या आहेत. भर दुपारी तिथे फोटो काढू नयेत. सगळे दगड पिठासारखे सपाट दिसतात. पावसाळा सरता सरता जावे. भिंती ओल्या, काळ्या, त्यावर शेवाळाची हिरवी झाक. (लग्नाआधीचे फोटो काढणारी जोडपी मात्र बारमाही!)

फ्रान्सिस्कन चर्चच्या फरशीत थडग्यांच्या शिळा आहेत. पायांनी झिजलेल्या. अक्षरे उठून दिसावीत म्हणून मी एकीवर खडू घासला. बरोबर आमच्या ओळखीचे एक ईस्ट इंडियन काका होते. ते म्हणाले, ‘‘अरे, कुणाच्या तरी छातीवर लिहितोस तू.’’ मला तोंड वर करवेना. खडूने दगडाचेही नुकसान होते, हे मागाहून कळले. शिळा पाण्याने धुतली आणि संध्याकाळपर्यंत बसून राहिलो. ऊन तिरपे झाले तशी खाचांत सावली भरली आणि अक्षरे आपोआप वर आली. काकांना ती वाचता येईनात. त्यांच्या घरात कुणालाच पोर्तुगीज येत नाही, बोलतात ते मराठीच. आम्ही दोघे मराठीतच एकेक अक्षर लावत बसलो. एक नाव जुळले, बाकीचे झिजलेले.

वसईच्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी विजयानंतर आणल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात, भीमाशंकरला, मेणवलीला त्या आजही आहेत. आपण त्या वाजवतो आणि नमस्कार करतो. पाडलेले आणि जपलेले यांचा हिशेब एका बाजूने मांडता येत नाही, हे मला त्या फरशीवर बसून कळू लागले.

पुढच्या रविवारी पुन्हा मंडपेश्वरला गेलो. संरक्षित वास्तूत परवानगीशिवाय तिपाई लावता येत नाही, म्हणून पिशवीवर कॅमेरा टेकवला. आत उजेड बेताचा, शटर बराच वेळ उघडे ठेवावे लागले. पहिला फोटो हलला. दुसऱ्यात क्रूस स्पष्ट आला, आणि त्याच्या कडेला जुन्या छिन्नीचे घावही.