मी आले होते, एवढे तरी लिहिलेले राहील

(कोलकाता येथे मराठी रेल्वे व टपाल कर्मचारी आणि निवृत्तांच्या स्नेहमेळाव्यात एका निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्याने केलेले भाषण)



मी वक्ता नाही. पस्तीस-छत्तीस वर्षे कारकुनी केली, त्यातली बहुतेक गार्डन रीचच्या कार्यालयात. आयोजकांनी सांगितले, "निवडणुकीवर बोला, साधा मतदार म्हणून बोला." साधा मतदार ही पदवी मात्र मला शोभते. ती कोणी देत नाही आणि निवृत्तीनंतरही काढून घेत नाही.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. मी कोणाला मत दिले, ते सांगणार नाही. आपल्या वर्तणूक नियमांत, रेल्वेच्या १९६६ च्या आणि टपाल खात्याला लागू असलेल्या १९६४ च्या, एक कलम आहे. कर्मचाऱ्याने प्रचार करू नये. मत जरूर द्यावे. पण कोणाला देणार किंवा कोणाला दिले, याची खूणही दाखवू नये. नोकरीत असताना हा नियम मला जाचक वाटे. आता मी त्यातून मोकळा झालो आहे, तरी तो पाळतो. का पाळतो, ते शेवटी सांगतो.

माझे पहिले मत गोंदियाचे, मार्च १९७७ चे. तेव्हा मतदानाचे वय एकवीस होते. अठरा वर्षांवर ते १९८९ मध्ये आले. माझे वडील पॉइंट्समन होते. मे १९७४ च्या संपात, ८ ते २७ मे या वीस दिवसांत, ते संपकऱ्यांबरोबर होते. त्या संपानंतर देशभर हजारो रेल्वे कामगारांच्या नोकऱ्या गेल्या आणि १९७७ च्या सत्तांतरानंतर अनेकांना परत घेतले गेले, हे आपण सारे जाणता. वडील त्या दिवसांविषयी घरात कधी बोलले नाहीत. पण त्या सकाळी त्यांनी लग्नातले धोतर काढले, दाढी केली आणि मला म्हणाले, "चल." रांगेत दोन तास उभे राहिलो. परत येताना मी विचारले, "बाबा, कोणाला?" ते म्हणाले, "पेटीला विचार." त्या उत्तराचा मला राग आला होता.

१९७९ मध्ये बदली होऊन मी कलकत्त्याला आलो. त्या काळी नागपूर विभाग दक्षिण पूर्व रेल्वेतच होता. २००३ मध्ये बिलासपूरचा नवा झोन झाला आणि तो तिकडे गेला. म्हणजे जुन्या बंगाल नागपूर रेल्वेच्या एका टोकाकडून मी दुसऱ्या टोकाला आलो, इतकेच. शेजाऱ्यांनी पहिल्याच आठवड्यात थट्टा केली, "बर्गी आला!" १७४२ पासून दहा वर्षे नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्या बंगालवर झाल्या. त्या भीतीने कलकत्त्याभोवती खणलेल्या खंदकाचे नाव बागबाजारच्या एका गल्लीला आजही आहे. थट्टा प्रेमाची होती. मीही त्यांना सखाराम गणेश देऊस्करांचे नाव सांगितले. मराठी घरातला माणूस, पण १९०४ मध्ये 'देशेर कथा' हे पुस्तक त्याने बंगालीत लिहिले आणि सरकारने ते जप्त केले. खंदक आपला, तसे ते पुस्तकही आपले.

आपल्यातले पुष्कळजण इथे एक चूक करतात. मीही केली. चार वर्षे नाव गोंदियाच्या यादीत ठेवले. वाटे, आपले गाव ते आपले गाव. कायदा मात्र सरळ आहे. जिथे आपण नेहमी राहतो, तिथे नाव हवे आणि ते एकाच ठिकाणी हवे. नळाला पाणी इथल्या पालिकेचे, मुलांची शाळा इथली, आणि मत गोंदियाला! सुट्टी मिळे ती लग्नाला, मतदानाला नव्हे. म्हणजे मत दोन्हीकडचे बुडाले. १९८३ मध्ये मी इथे नाव घातले. बंगालीत 'व' नाही, म्हणून वसंताचा 'बसंत' झाला. उच्चार तर 'बोशोंतो'! वडील विठोबा, ते 'बिठोबा' झाले. मी हसून सोडून दिले. ते हसणे पुढे महागात पडले.

आता माझ्या आयुष्यातली एक लाजेची गोष्ट सांगतो. त्याच दशकातल्या एका निवडणुकीत मी ड्युटी संपवून दुपारी अडीचला केंद्रावर गेलो. यादीवर बोट ठेवून कारकून म्हणाला, "आपले मत झाले आहे." मी बोट दाखवले. शाई नव्हती. मागच्या रांगेतले कोणी हसले, कोणी नजर चुकवली. मी घरी आलो. सौ.ला सांगितले, "देऊन आलो." मंडळी, मत चोरीला गेले याची लाज चोराला वाटायला हवी. वाटली मला.

पुढे मला मतदान अधिकाऱ्याचे प्रशिक्षण मिळाले, तेव्हा समजले की त्या दिवशी मला परत फिरायची गरजच नव्हती. आपल्या नावावर दुसरा कोणी मत देऊन गेला असेल तर ओळख पटवून प्रदत्त मत, म्हणजे 'टेंडर्ड व्होट', मागता येते. यंत्रे आली तरी त्यासाठी कागदी मतपत्रिका देतात. ती वेगळ्या पाकिटात सीलबंद होते. नेहमीच्या मोजणीत ती धरत नाहीत. निकाल न्यायालयात गेला तर तिचा उपयोग होऊ शकतो.

यंत्रे आल्यानंतर एकदा मी एका जिल्ह्यातल्या गावी केंद्राध्यक्ष होतो. दुपारी एक मासळी विकणारी म्हातारी आली. तिच्या नावापुढे आधीच अंगठा होता. बूथवरचे दोन्ही-तिन्ही पक्षांचे एजंट गप्प बसले. मी तिची ओळख तपासली, मतपत्रिका काढली आणि समजावून सांगितले. तिने विचारले, "बाबू, हे मोजतात का?" खोटे बोलणे सोपे होते. मी म्हणालो, "बहुधा नाही." ती जरा थांबली. मग म्हणाली, "असू दे. मी आले होते, एवढे तरी लिहिलेले राहील." आणि शिक्का मारून गेली. मी शिकलेला, हिशेब तपासणारा माणूस. मी घरी खोटे बोललो होतो. तिने स्वतःची नोंद करून घेतली. तेव्हापासून निवडणूक म्हटले की मला पुढारी आठवत नाहीत, ती आठवते.

नोंद ही साधी गोष्ट नाही. स्वतंत्र भारताची पहिली निवडणूक घेणारे सुकुमार सेन याच राज्याचे मुख्य सचिव होते. १९५१-५२ मध्ये सतरा कोटींहून अधिक मतदार होते. त्या यादीत अनेक स्त्रियांनी स्वतःचे नाव सांगितलेच नाही; अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढेच सांगितले. सेन यांनी अशी नोंद मान्य केली नाही आणि सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीबाहेर राहिली. त्यावर तेव्हा टीका झाली. पण पुढच्या निवडणुकांत बायका आपले नाव सांगू लागल्या.

हे मला २०२५ च्या नोव्हेंबरात आठवले. ४ तारखेपासून बंगालमध्ये यादीची विशेष फेरतपासणी सुरू झाली. २००२ च्या यादीत स्वतःचे किंवा आईवडिलांचे नाव दाखवायचे होते. १६ डिसेंबरला प्रारूप यादी आली, त्यात सुमारे ५८ लाख नावे कमी झाली होती. मृत, स्थलांतरित, दुबार, न सापडलेले, अशी कारणे दिली गेली. यादी स्वच्छ असली पाहिजे, हे ज्याच्या नावावर दुसरा मत देऊन गेला त्याला पटवून द्यायला नको. पण जिवंत माणूस बाहेर पडता कामा नये, हेही तितकेच खरे. या दोन मागण्या एकमेकींच्या विरुद्ध नाहीत. ज्यांना त्या विरुद्ध वाटतात, ते यादीकडे मतांची बेरीज म्हणून पाहतात; आपण ती हजेरीपुस्तकासारखी पाहावी.

आमच्या घरात सौ.चे नाव अडकले. माहेरची वेणू, सासरची वसुधा, यादीतली 'बसुधा'. २००२ मध्ये ती माझ्या आईच्या आजारपणात गोंदियाला होती; इथे तिचे नाव मी २००६ मध्ये घातले. दोष माझाच. शाळा सोडल्याचा दाखला, लग्नाची नोंद, माझ्या पेन्शनच्या आदेशात कुटुंब म्हणून असलेले तिचे नाव, हे सारे जमवताना तीन आठवडे गेले. नाव लागले. पण ज्या गँगमनच्या बायकोकडे शाळेचा दाखलाच नाही, तिचे काय? युनियनच्या शाखांनी संध्याकाळी टेबल मांडून बसावे, ते अशा कामासाठी. आज घरी गेल्यावर प्रत्येकाने यादीत आपले, बायकोचे, सुनेचे नाव अक्षर न् अक्षर पाहावे. चूक असेल तर नमुना आठ भरावा. हसून सोडू नये.

दुसरी अडचण खास आपली. मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी मिळावी असे कलम १९९६ मध्ये कायद्यात आले. पण त्याच कलमात म्हटले आहे की ज्याच्या गैरहजेरीने धोका किंवा मोठे नुकसान होईल, त्याला ते लागू नाही. म्हणजे कोण? गाडी चालवणारा, केबिनवरचा, रुळांवरचा! देश मत देतो तेव्हा देशाला मतदानाला पोहोचवणारा ड्युटीवर असतो. निवडणुकीच्या कामावर असणाऱ्यांना नमुना बारा आहे. अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी २०१९ पासून नमुना बारा-ड ची वाट निघाली. कोणत्या सेवा त्यात येतात ते त्या त्या निवडणुकीच्या वेळी जाहीर होते आणि अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत अर्ज द्यावा लागतो. पाच दिवसांत! लिंकवर गेलेला माणूस परत येईपर्यंत मुदत संपते. म्हणून हे अर्ज लॉबीत आणि सॉर्टिंग कार्यालयात आधीच पोहोचवणे, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे.

आता थोडे राजकारण. माझी बहीण गोंदियाला, मी इथे. आम्ही फोनवर दोन राज्ये ताडून पाहतो. महाराष्ट्राच्या २८८ जागांचे मतदान २०२४ मध्ये एका दिवसात, २० नोव्हेंबरला झाले. बंगालच्या २९४ जागांना २०२१ मध्ये आठ टप्पे आणि महिन्याहून अधिक काळ लागला. इथे निमलष्करी दलाची तुकडी दिसल्याशिवाय मतदाराला निवडणूक आली असे वाटत नाही. २०१८ च्या पंचायत निवडणुकीत तर सुमारे एक तृतीयांश जागा बिनविरोध गेल्या. मी फुशारकीने हे बहिणीला सांगू लागलो की तुमचे बरे आहे. ती म्हणाली, "तुमच्याकडे मत देऊ देत नाहीत. आमच्याकडे शांतपणे देऊ देतात; पण २०१९ मध्ये दिलेले मत २०२२ आणि २०२३ मध्ये कोणत्या घरात गेले, ते मलाच माहीत नाही." पक्षांतरबंदीचा कायदा १९८५ चा. एकट्याने पळणाऱ्याला तो अडवतो. जथ्याने जाणाऱ्यांनी त्यातून वाट काढली आहे. आणि हे दोन्ही राज्यांत आपण पाहिले आहे.

पैशांच्या योजनांवरही आमचा वाद होतो. इथे २०२१ पासून लक्ष्मीर भांडार, तिकडे २०२४ पासून लाडकी बहीण. आपल्यातले काही पगारदार नाक मुरडतात. मी नाही मुरडत. ज्या बाईच्या हातात आयुष्यात स्वतःचा पैसा पडला नाही, तिला तो मिळाला तर चांगलेच. पण तो पुढाऱ्याच्या खिशातला नाही, आणि त्याच्या बदल्यात मत गहाण पडलेले नाही, हे तिला कोणी सांगायचे? आपणच.

आणि आपले प्रश्न? १ जानेवारी २००४ नंतर लागलेल्यांची जुनी पेन्शन गेली. त्याची अधिसूचना डिसेंबर २००३ मध्ये निघाली. पुढे केंद्रात सरकारे बदलली. वीस वर्षांहून अधिक काळाने, १ एप्रिल २०२५ पासून, एकत्रित पेन्शनचा पर्याय आला. जुनी पेन्शन ती नव्हेच. या वीस वर्षांत मत मागायला क्वार्टरच्या दारात आलेल्या किती उमेदवारांना आपण हा प्रश्न विचारला? ग्रामीण डाक सेवकाला खात्याचा कायम कर्मचारी का मानत नाही, हे किती जणांनी विचारले? मी विचारले नाही. चहा दिला आणि नमस्कार केला.

कोणी म्हणेल, एका मताने काय होते. आपल्याकडे रेल्वेत मान्यतेसाठी गुप्त मतदान २००७, २०१३ आणि २०२४ मध्ये झाले. तेव्हा एकेका मतासाठी आपण डेपोडेपोंत फिरलो. तिथे एका मताची किंमत कळते, आणि देशाच्या निवडणुकीत ती विसरतो?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येतो. माझी नात इथेच जन्मली. मराठी समजते, रागावते बंगालीत. अठरा पूर्ण झाल्यावर ती विचारू लागली, "आजोबा, तुम्ही कोणाला देता?" मी वडिलांचेच उत्तर दिले, "पेटीला विचार." तिलाही राग आला. पण मला ते उत्तर आता उमगले आहे. मालक, साहेब, पुढारी, मुकादम, सगळ्यांना आपल्याबद्दल सगळे माहीत असते. आपली एवढी एकच गोष्ट त्यांना माहीत नसते. म्हणून तर ते दर पाच वर्षांनी आपल्या दारात येतात. ती गोष्ट सांभाळावी.

फक्त एक करावे. यादीत नाव असावे, आणि त्या दिवशी आपण तिथे गेलो होतो याची नोंद राहावी. ती म्हातारी एवढेच मागत होती.