हिवाळ्यांतील स्थलांतर आणि वाटेचें भय

ऋतु पालटला कीं पांखरें थंड प्रदेश सोडून उबेकडे निघतात. त्यांस नकाशा लागत नाहीं, परवाना लागत नाहीं, आणि वाटेंत काय होईल याची चर्चाहि तीं करीत बसत नाहींत. माणसाचें तसें नाहीं. पुष्कळदां विचार करतां करतां त्याचें निघावयाचेंच राहून जातें. आणि पुष्कळदां तो विचार न करतांच निघतो व वाटेंत पस्तावतो. या दोन टोकांच्या मध्यें शहाणपणाची वाट कशी शोधावी, हें कॅनडांतील वृद्ध प्रवाशांच्या उदाहरणावरून चांगलें समजतें. हिवाळा आला कीं दक्षिणेकडे निघणाऱ्या या मंडळींना तेथें कौतुकानें 'स्नोबर्ड', म्हणजे हिमाच्या दिवसांतील पांखरें, असें म्हणतात.

विनिपेग शहरच घ्या. तेथें जानेवारींतील सरासरी तपमान शून्याखालीं सुमारें १६ अंश असतें, आणि एखाद्या रात्रीं पारा शून्याखालीं ३० अंशांपर्यंत उतरला तरी कोणास नवल वाटत नाहीं. अंगणांतील बर्फ उपसणें, निसरड्या फरसबंदीवर जपून पाऊल टाकणें, चार चार दिवस दाराबाहेर न पडणें, हें तरुणांस सोसतें. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला एक घसरण आणि एक मोडलेलें हाड पुरे होतें. म्हणून निवृत्त जोडपीं दक्षिणेची वाट धरतात. बरीचशीं फ्लॉरिडा किंवा ॲरिझोनापाशीं थांबतात. कांहीं त्याहून पुढें मेक्सिकोंत उतरतात. तेथें ग्वादालाहारा शहराच्या दक्षिणेस, सुमारें १,५०० मीटर उंचीवर, चपाला नांवाचें त्या देशांतील सर्वांत मोठें नैसर्गिक सरोवर आहे. त्याच्या कांठच्या अहीहीक या गांवीं कॅनडा व अमेरिकेंतील पेन्शनर मंडळींची मोठी वस्ती झाली आहे. जानेवारींतहि तेथें दुपारीं अंगांत एक सदरा पुरतो.

मेक्सिको हें नांव मराठी घरांस अगदींच परकें नाहीं. वर्ध्याचे क्रांतिकारक डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे १९२४ सालीं तेथें गेले, चापिंगोच्या कृषिविद्यालयांत शिकवूं लागले, आणि आयुष्याचीं कित्येक वर्षें त्यांनीं त्या देशांत काढलीं. दिएगो रिव्हेरा या थोर चित्रकारानें आपल्या भित्तिचित्रांत त्यांस स्थान दिलें. आज मात्र त्या देशाचें नांव निघतांच प्रथम आठवते ती तेथील टोळ्यांची हिंसा.

त्यामुळें ऑक्टोबर सरत आला कीं एखाद्या जोडप्याच्या घरीं रोज जेवणानंतर एकच वाद निघतो. पति म्हणतो, "यंदां मोटारीनेंच जाऊं. सहा महिन्यांचें सामान, कुत्रा, औषधें, सारें बरोबर नेतां येईल." पत्नी विचारते, "वर्तमानपत्रांत काय आलें आहे तें पाहिलेंत ना?" तितक्यांत लेकीचा दूरध्वनि येतो, आणि तीहि म्हणते, "बाबा, हा वेडेपणा करूं नका." या तिघांपैकीं कोणाचें म्हणणें मूर्खपणाचें आहे? कोणाचेंच नाहीं. प्रश्न एवढाच कीं, त्या भयाचें वजन कोणत्या तराजूंत करावयाचें.

तें भय निराधार खास नाहीं. ३ मार्च २०२३ रोजीं तामाउलिपास राज्यांतील मातामोरोस शहरीं चार अमेरिकन प्रवाशांची मोटार अडवून त्यांचें अपहरण करण्यांत आलें. त्यांतील दोघे जिवंत परतले नाहींत. त्यांच्यापैकीं एकीच्या शस्त्रक्रियेसाठीं तीं मंडळी सरहद्द ओलांडून आलीं होतीं. एप्रिल २०२४ मध्यें एन्सेनादा शहराच्या दक्षिणेस समुद्रकांठीं तंबू ठोकून राहिलेले तीन तरुण मारले गेले. त्यांत दोघे ऑस्ट्रेलियन भाऊ होते, तिसरा त्यांचा अमेरिकन मित्र. त्यांच्या पिक-अप मोटारीचे टायर चोरण्याच्या उद्देशानें मारेकरी आले असावेत, असें सरकारी वकिलांनीं सांगितलें. तत्पूर्वीं ५ जानेवारी २०२३ रोजीं सिनालोआ राज्यांत अंमली पदार्थांच्या टोळीच्या एका म्होरक्यास अटक होतांच त्याच्या साथीदारांनीं वाहनें पेटवून रस्ते अडविले, आणि कुलियाकानचा विमानतळहि बंद ठेवावा लागला.

परंतु या तिन्ही घटना नीट न्याहाळल्या म्हणजे एक गोष्ट ध्यानांत येते. पहिली घडली ती टोळ्यांच्या झगड्यानें पोखरलेल्या सरहद्दीवरील एका शहरांत. दुसरी निर्जन किनाऱ्यावर, उघड्यावर मुक्काम केला असतां. तिसरी एका विशिष्ट राज्याच्या विशिष्ट रस्त्यांवर. मेक्सिको हें एक नांव असलें तरी त्याखालीं राजधानी धरून ३२ घटक राज्यें आहेत, आणि त्याचा विस्तार महाराष्ट्राच्या सहापटींहून अधिक आहे. एका टोंकाच्या चकमकीवरून दुसऱ्या टोंकाच्या खेड्याविषयीं मत बनविणें म्हणजे चंबळच्या खोऱ्यांतील दरोड्याची बातमी वाचून कोंकणचा प्रवास रद्द करण्यासारखें आहे. अमेरिकेचें परराष्ट्र खातेंहि निरनिराळ्या राज्यांस निरनिराळे शेरे देतें. त्याच्या २०२४ सालच्या सूचनेंत तामाउलिपास, सिनालोआ, साकातेकास, मिचोआकान, गेरेरो व कोलिमा या सहा राज्यांपुढें 'जाऊं नये' असा इशारा होता. उलट युकातान व कांपेचे या राज्यांत नेहमीची सावधगिरी पुरेशी मानली होती. हे शेरे वेळोवेळीं बदलतात. म्हणून सूचना वाचावयाची ती देशाच्या नांवाखालची नव्हे, तर वाटेंतील प्रत्येक राज्याच्या नांवाखालची. आणि तीहि निघण्याच्या आठवड्यांत.

आतां तराजूच्या दुसऱ्या पारड्याकडे वळूं. विनिपेगहून निघालेली मोटार मेक्सिकोच्या सरहद्दीस पोंचण्यापूर्वीं अमेरिकेंतून अडीच हजार किलोमीटरांहून अधिक अंतर तोडते. प्रथम २९ क्रमांकाच्या महामार्गानें कॅन्सस सिटी, आणि तेथून ३५ क्रमांकाच्या महामार्गानें टेक्सासमधील लारेडो. या वाटेची धास्ती कोणी घेत नाहीं, कारण ती ओळखीची आहे. परंतु ११ फेब्रुवारी २०२१ रोजीं पहांटे याच महामार्गाच्या फोर्ट वर्थ शहरांतून जाणाऱ्या फांट्यावर गोठलेल्या पावसानें रस्ता कांचेसारखा झाला. १३० हून अधिक वाहनें एकमेकांवर आदळलीं आणि सहा जण प्राणांस मुकले. तेथें ना टोळी होती, ना बंदूक. बर्फाचा पातळ, डोळ्यांस न दिसणारा थर आणि वाहनांचा वेग एवढेंच कारण पुरलें. दरोडेखोराचें भय चित्रासारखें डोळ्यांपुढें उभें राहतें. निसरड्या रस्त्याचें राहत नाहीं, म्हणून तें लहान वाटतें. ज्याला खरोखर सुरक्षित पोंचावयाचें आहे त्यानें जाण्याची तारीख प्रथम या बर्फाकडे पाहून ठरविली पाहिजे. पहिल्या मोठ्या हिमवर्षावापूर्वीं निघावें, वसंत लागल्यावर परतावें, आणि वाटेंत वादळाची सूचना मिळाली तर एक दिवस खोलींत बसून काढावा.

सरहद्द कोठें ओलांडावी, हा पुढचा प्रश्न. लारेडोच्या पलीकडचें न्वेव्हो लारेडो शहर तामाउलिपास राज्यांत आहे, आणि तेथून मॉन्तेर्रेकडे जाणाऱ्या रस्त्यावर प्रवासी बेपत्ता झाल्याच्या अनेक तक्रारी २०२१ सालीं पुढें आल्या होत्या. म्हणून जाणते प्रवासी त्या शहरांत न शिरतां त्याच्या पश्चिमेस असलेल्या, न्वेव्हो लेओन राज्यांत उतरणाऱ्या कोलंबिया पुलाचा आश्रय करतात. किंवा आणखी वर, ईगल पासपाशीं पिएद्रास नेग्रासला सरहद्द ओलांडून ५७ क्रमांकाच्या महामार्गानें साल्तीयोकडे उतरतात. पन्नास-शंभर किलोमीटरांचा फेरा पडला तरी तो महाग नव्हे.

पुढें साल्तीयो, मातेउआला, सान लुइस पोतोसी या मार्गानें जातांना दोन प्रकारचे रस्ते भेटतात. एक 'लिब्रे', म्हणजे फुकटचा. दुसरा 'क्वोता', म्हणजे पथकर देऊन वापरावयाचा. पथकर थोडा नसतो, परंतु त्या रस्त्यावर वळणें कमी, गुरें कमी आणि गस्त अधिक असते. सर्वांत महत्त्वाचा नियम सूर्याचा. अंधार पडल्यावर मोटार चालवूं नये. रस्त्यावर बसलेलीं जनावरें, दिवे नसलेलीं वाहनें आणि खड्डे हे रात्रीं दिसत नाहींत, आणि मोटार बिघडली तर मदतीस येणारा कोण व कसा हेंहि कळत नाहीं. पहांटे निघून दुपारीं चारच्या सुमारास मुक्काम गांठावा. तोहि आधीं ठरविलेल्या, मोटारीसाठीं बंदिस्त आवार असलेल्या जागीं.

त्या रस्त्यांची एक स्वतंत्र भाषाहि आहे. गांवाच्या तोंडाशीं रस्त्यावर आडवे बांधलेले उंचवटे असतात. त्यांस 'तोपे' म्हणतात, आणि बेसावध मोटारीचा तळ ते खरवडून काढतात. पुढच्या मालमोटारीनें डावा दिवा मिचकावला तर कधीं 'मी वळत आहें' असा, तर कधीं 'तुम्ही पुढें जा' असा अर्थ असतो. ज्यास तो निश्चित कळत नाहीं त्यानें मागें राहणेंच बरें. मोटार अडली तर पर्यटन खात्याचें 'आंखेलेस वेर्देस', म्हणजे हिरवे देवदूत, हें पथक मुख्य महामार्गांवर मदत करतें. त्याचा दूरध्वनि क्रमांक ०७८ आहे.

कागदपत्रांविषयीं हयगय करणारा प्रवासी आपलें संकट आपणच बरोबर नेतो. कॅनडांतील वा अमेरिकेंतील मोटारविमा मेक्सिकोचा कायदा मानीत नाहीं. तेथील कंपनीचा विमा घ्यावाच लागतो. अपघातांत कोणी जखमी झाल्यास नुकसानभरपाईची हमी मिळेपर्यंत चालकास अटकेंत ठेवतां येतें, हें ज्यास माहीत आहे तो विम्याच्या हप्त्याची कुरकुर करीत नाहीं. सरहद्दीजवळचा पट्टा व बाहा कॅलिफोर्निया यांसारखे प्रदेश सोडून देशाच्या आंत मोटार न्यावयाची तर तात्पुरत्या आयातीचा परवाना काढून अनामत भरावी लागते. २००७ व त्यानंतरच्या मोटारीस ती ४०० डॉलर असते. मुदतींत मोटार बाहेर नेऊन परवाना रद्द करून घेतला तरच ती परत मिळते. बंदूक तर नाहींच, पण पेटींत विसरलेलें एक काडतूसहि तुरुंगाचें दार उघडूं शकतें. कॅनडांत २०१८ पासून गांजा कायदेशीर झाला असला तरी तो घेऊन अमेरिकेची हद्द ओलांडणें हा गुन्हाच आहे.

आणि शेवटीं सर्वांत मोठा, पण सर्वांत कमी बोलला जाणारा प्रश्न: प्रवाशाची प्रकृति. कॅनडांतील प्रांतिक आरोग्यविमा परदेशांतील रुग्णालयाच्या खर्चाचा अगदीं थोडा अंश देतो. वेगळा प्रवासविमा घेतला तरी त्यांत पुष्कळदां प्रकृति स्थिर असल्याची अट असते. निघण्याच्या थोडे दिवस आधीं हृदयविकाराची गोळी बदलली, तर त्या विकाराचा खर्च कंपनी नाकारूं शकते. तो करार निघण्यापूर्वीं ओळन् ओळ वाचावा. तसेंच पतिपत्नींपैकीं एकट्यासच मोटार चालवितां येत असेल, तर त्या एकट्याच्या छातींत कळ आली असतां परक्या रस्त्यावर दुसऱ्यानें काय करावें, याचें उत्तर घरीं बसूनच दिलें पाहिजे. उत्तर नसेल तर विमानानें जावें. चपालाचें ऊन विमानानें येणाऱ्यास कमी मिळत नाहीं.

अशा रीतीनें वाद एकदां नीट मांडला कीं त्याचें रूप पालटतें. 'जावें कीं न जावें' या एका मोठ्या, अंधाऱ्या प्रश्नाचे दहा लहान प्रश्न होतात: कोणत्या तारखेस, कोणत्या पुलावरून, कोणत्या रस्त्यानें, किती वाजेपर्यंत, कोणाच्या हातीं चक्र, कोणता विमा. त्यांतील नवांना उत्तर मिळेल. दहाव्याला मिळालें नाहीं तर तेवढ्यासाठींहि बेत बदलण्याची तयारी हवी. पत्नीच्या भयानें पतीस हे प्रश्न विचारावयास लावलें, हा त्या भयाचा उपकारच होय. आणि घरीं राहण्यांतहि धोका आहे, हें पतीचें म्हणणेंहि खोटें नाहीं. निसरड्या पायरीवर मोडलेलें हाड वर्तमानपत्रांत छापून येत नाहीं, इतकेंच.

ज्यांचीं मुलें दूर आहेत त्यांच्यासाठीं आणखी एक साधा नियम आहे. रोज मुक्कामास पोंचतांच घरीं एक दूरध्वनि करावा, आणि उद्यांचा रस्ता कोणता तें सांगावें. तो रस्ता बंद असल्याचें सकाळीं कळलें, तर त्याच खोलींत आणखी एक रात्र काढावी. दोन दिवसांनींहि तो उघडला नाहीं तर मागें फिरावें. अर्ध्या वाटेंतून परतलेल्या जोडप्याला पुढच्या वर्षींहि हिवाळा आहे, आणि पुढच्या वर्षींहि दक्षिणेस ऊन आहेच.