अंतरलेला पाठीराखा

पनवेलहून लोकलने निघाले म्हणजे नेरूळ सहावे स्टेशन. खांदेश्वर, मानसरोवर, खारघर, बेलापूर, सीवूड्स आणि मग नेरूळ. एका हाताची बोटे पुरत नाहीत, दुसऱ्या हाताचे एक बोट लागते, इतकेच काय ते अंतर. २०१४ आणि २०१५ या दोन वर्षी मुंबई सिटी हा फुटबॉलचा संघ आपले घरचे सामने नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये खेळत असे. पनवेल, कामोठे, खारघर या बाजूच्या तरुणाला कामावरून यावे, हातपाय धुवावे, चहा घ्यावा आणि सामन्याला जाऊन रात्रीच्या जेवणाला थोड्या उशिराने का होईना घरी परतावे, हे सहज साधत होते. निकोलस अनेल्कासारखा जगभर नाव झालेला खेळाडू आपल्या शेजारच्या गावात खेळतो आहे, याचे त्याला अप्रूप होते. या बाजूला फुटबॉलचा एक नवा प्रेक्षक तयार होत होता.

२०१६ साली संघाने आपले बिऱ्हाड हलवले आणि अंधेरीच्या क्रीडासंकुलात मांडले. अंधेरी म्हणजे काही परमुलूख नव्हे. पनवेलहून तिकडे जाणारी गाडीही आहे. परंतु संध्याकाळी साडेसातला सुरू झालेला सामना साडेनऊला संपतो, मग स्टेशन गाठायचे, गाडी धरायची, क्वचित वडाळ्याला बदलायची. घराची कडी वाजवीपर्यंत अकरा-साडेअकरा सहज होतात. दुसऱ्या दिवशी पहाटेची गाडी चुकत नाही आणि साहेबही चुकत नाहीत! मग काय होते? पहिल्या सामन्याला जमत नाही, दुसऱ्याच्या वेळी घरी पाहुणे असतात, तिसऱ्याच्या वेळी सोबतीच येत नाही आणि चौथा सामना होऊन गेल्याचे वर्तमानपत्रात वाचून कळते. तो पाठीराखा भांडला नाही, त्याने निषेधाचे पत्र लिहिले नाही, दुसऱ्या संघाचा झेंडाही खांद्यावर घेतला नाही. तो नुसता अंतरला. 'अंतर' या एका शब्दात आपल्या भाषेने लांबी आणि ताटातूट दोन्ही सांगितली आहेत, ती उगीच नव्हे.

आता कुणी म्हणेल, संघ जिंकू लागला म्हणजे माणसे आपोआप परत येतात. दिसते तसे नाही. बिऱ्हाड हलवले त्याच २०१६ साली मुंबई सिटीने साखळीत पहिला क्रमांक मिळवला होता. पुढे १३ मार्च २०२१ रोजी तर या संघाने मोहन बागानच्या संघाला २–१ असे हरवून इंडियन सुपर लीगचे अजिंक्यपद पटकावले, तेही अगदी शेवटच्या मिनिटाला गोल करून. पण तो सामना झाला गोव्यात, फातोर्ड्याच्या मैदानावर, आणि करोनाच्या साथीमुळे सज्जे रिकामे होते. जन्मातला सर्वांत मोठा विजय आणि टाळी वाजवायला पाठीराखा नाही! विजयाचा आनंद टेलिव्हिजनवर दिसतो खरा. पण मोडलेली सवय त्याने सांधली जात नाही.

आपल्याकडे लग्नकार्य निघाले की आमंत्रणाच्या दोन याद्या होतात. एक यादी नेहमी येणाऱ्यांची. दुसरी, ज्यांच्याशी वाकडे काही नाही पण काही वर्षांत येणेजाणे राहिले नाही, अशांची. या दुसऱ्या यादीतल्या मंडळींना पत्रिका पोस्टाने टाकून भागत नाही. घरातल्या कुणाला तरी त्यांच्या दाराशी जावे लागते, अक्षत द्यावी लागते, 'तुम्ही यायलाच हवे' असे तोंडाने म्हणावे लागते. आणि तसे म्हटले म्हणजे ती मंडळी नुसती येत नाहीत, पंगतीत वाढायलाही उभी राहतात. फुटबॉलचे क्लब मोठमोठ्या जाहिराती करतात. जाहिरात म्हणजे पोस्टाने आलेली पत्रिका. ती सर्वांना असते, म्हणून कुणालाच नसते.

अक्षत द्यायला स्वतः यजमान निघाला म्हणजे काय होते, याचे उदाहरण याच अंधेरीच्या मैदानावर घडले आहे. १ जून २०१८ रोजी भारताच्या संघाने तेथे तैवानच्या संघाला ५–० असे हरवले. त्यांपैकी तीन गोल कर्णधार सुनील छेत्री याचे. प्रेक्षक किती होते? २,५६९. दुसऱ्या दिवशी छेत्रीने एक छोटेसे निवेदन करून ते लोकांपुढे ठेवले. त्यात बढाई नव्हती, रडगाणे नव्हते. तुम्हांला आमचा खेळ युरोपातल्या क्लबांइतका चांगला वाटत नसेल, तरी या. टीका करायला या, शिव्या द्यायला या, पण मैदानावर या, असा त्याचा आशय होता. ४ जूनला केनियाविरुद्ध सामना होता आणि छेत्रीचा तो शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना. मुंबईचा पाऊस धो धो कोसळत होता. पण मैदान भरले होते! भारताने तो सामना ३–० असा जिंकला. त्यानंतरच्या सामन्यात न्यूझीलंडने भारताला हरवले, तरी १० जूनच्या अंतिम सामन्याला लोक आले आणि भारताने केनियाला पुन्हा हरवून चषक जिंकला.

या गोष्टीत ध्यानात घेण्याजोगे हे की, कर्णधाराने विजयाचे आमिष दाखवले नव्हते. त्याने माणसांना सांगितले की तुमच्यावाचून अडले आहे. ज्याच्यावाचून अडते त्याला यावे लागते.

परंतु देशाच्या संघाची हाक आणि एका क्लबाची हाक यांत फरक आहे, हेही कबूल केले पाहिजे. देशाचा संघ वर्षातून दोन-चारदा दारात येतो. क्लबाला महिन्यातून दोनदा तेच मैदान भरायचे असते. एका हाकेने एक संध्याकाळ भरते. बारा संध्याकाळी भरायला सवय लागते, आणि सवयीला लागते ठरलेले ठिकाण, ठरलेली वेळ आणि ओळखीचा चेहरा.

ही सवय मोडली म्हणजे काय होते, याचा मुंबईला चांगलाच अनुभव आहे. रोव्हर्स चषकाची स्पर्धा मुंबईत १८९१ साली सुरू झाली. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे हैदराबादच्या पोलिसांचा संघ तो चषक घेऊन गेला. ती स्पर्धा आज उरलेली नाही. महिंद्र युनायटेड हा संघ २००५-०६ साली राष्ट्रीय साखळीचा विजेता ठरला आणि २०१० साली मालकांनी तो बंद केला. चार वर्षांपूर्वीच्या विजेत्याची ही गत! २००७ साली मुंबई एफसी नावाचा संघ निघाला. पिवळ्या कपड्यांतले त्याचे पाठीराखे 'यलो ब्रिगेड' म्हणून ओळखले जात. पुढे कूपरेजचे मैदान नव्याने बांधायला घेतले आणि या संघाला आपले 'घरचे' सामने पुण्याला, बालेवाडीत जाऊन खेळावे लागले. घर मुंबईत आणि घरचा सामना घाटावर! तिकडे जाणारा द्रुतगती मार्ग आपल्या कळंबोलीपासूनच सुरू होतो; तो रस्ता धरून सामन्यागणिक किती जण जाणार? कूपरेज पुन्हा मिळाले, पण पांगलेली माणसे तशीच मिळाली असे झाले नाही. २०१६-१७ च्या हंगामात संघ तळाला गेला, खालच्या श्रेणीत उतरला आणि बंदच झाला. म्हणून म्हणतो, अंतरलेल्या पाठीराख्याला परत आणणे ही हौसेची गोष्ट नव्हे. तो परत आला नाही तर परत येण्याजोगे काही शिल्लकच राहत नाही.

याच्या उलट कोल्हापूर पाहा. तेथे संघांची नावेच बोलकी आहेत: पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, शिवाजी तरुण मंडळ. पेठ तीच, तालीम तीच, गणपती तोच आणि फुटबॉलचा संघही तोच. संघ हरला म्हणून पेठ बदलत नाही. शाहू स्टेडियममधला प्रेक्षक तिकीट काढून येतो, पण गिऱ्हाईक म्हणून येत नाही, घरचा म्हणून येतो. या आपलेपणाचा अतिरेक होऊन पाठीराख्यांच्या हाणामाऱ्याही तेथे झाल्या आहेत. ते घेण्यासारखे नाही. पण मूळ गोष्ट घेण्यासारखी आहे. ती आपल्याला परकीही नाही. रायगडच्या कोणत्याही गावात कबड्डीचे सामने लागले की हरणाऱ्या संघामागे त्याचे अख्खे गाव उभे असते, आणि पुढच्या वर्षीही असते.

साता समुद्रांपलीकडे हेच घडले. लंडनमधल्या विम्बल्डनचा जुना क्लब सुमारे ९० किलोमीटर लांब मिल्टन कीन्सला नेण्यास २००२ साली परवानगी मिळाली. पाठीराखे त्याच्यामागे गेले नाहीत. त्यांनी त्याच वर्षी आपला नवा क्लब काढला, अगदी खालच्या पायरीपासून सुरुवात केली आणि २०२० साली ते प्लाउ लेनवर, आपल्या जुन्या परिसरात, परत आले. पाठीराख्याला गाव असते, हे मालकांच्या हिशेबात नव्हते.

मग आपल्या बाजूचा पाठीराखा विझला आहे काय? मुळीच नाही. ६ नोव्हेंबर २०२३ रोजी मुंबई सिटीचा सौदी अरबस्तानच्या अल हिलालशी सामना नेरूळला झाला. ज्याच्यासाठी लोक आतुर होते तो नेमार दुखापतीमुळे आलाच नाही. मुंबईचा संघ हरलाही. तरी माणसे हजारोंनी आली होती. सामना सहाव्या स्टेशनावर आला, की तीही येतात. आमच्या पनवेलची मुले टर्फवर रात्री उशिरापर्यंत चेंडू बडवतात आणि मध्यरात्री जागून इंग्लंड-स्पेनचे सामने पाहतात. त्यांचे फुटबॉल सुटलेले नाही. शेजारचा संघ सुटला आहे.

तेव्हा क्लबाने काय करावे? एक तर, वर्षातले एकदोन घरचे सामने नेरूळला भरवावे, आणि ते कोणत्या महिन्यात ते आधी ठरवून सांगावे. दुसरे, रविवारचा सामना शक्य तेथे संध्याकाळी पाचला ठेवावा, म्हणजे लांबचा माणूस लेकराबाळांसह वेळेवर घरी पोहोचेल. तिसरे, खारघरसारख्या जवळच्या मैदानांवर वर्षातून काही दिवस सराव करावा आणि मुलांना तो पाहू द्यावा. ज्या मुलाने गोलरक्षकाशी हस्तांदोलन केले, तो बापाला सामन्याला ओढून नेतो. बापाची दहा कारणे त्याच्यापुढे टिकत नाहीत. चौथे, जुन्या तिकिटांच्या वह्या काढून, जे येईनासे झाले त्यांना माणसाकरवी विचारावे की, बाबांनो, काय अडले? उत्तरे ऐकायला कडू लागतील. पण दहांपैकी आठांचे उत्तर 'तुम्ही हरता' असे नसेल, 'गाडी मिळत नाही' असे असेल. आणि पराभवापेक्षा गाडीवर उपाय सोपा असतो. पाचवे आणि महत्त्वाचे, संघ हरला तर हरला म्हणून सांगावे. हरलेल्याची कीव येते, थापा मारणाऱ्याचा कंटाळा येतो.

पण सगळा बोजा क्लबावर टाकून आपण नामानिराळे राहावे, हेही बरे नव्हे. मालक येतात आणि जातात. मुंबई सिटीत २०१९ साली आलेला सिटी फुटबॉल ग्रुप २०२५ च्या अखेरीस बाजूला झाला. त्याच वर्षी स्पर्धेच्या हक्कांचा घोळ होऊन हंगाम वेळेवर सुरूही झाला नाही. अशा वेळी संघाला धरून ठेवणारे कोण? ज्यांनी त्यात पैसे घातले ते, की ज्यांनी त्यात आपल्या संध्याकाळी घातल्या ते? पैसे काढून घेता येतात. घातलेल्या संध्याकाळी परत काढता येत नाहीत, म्हणून तो माणूस टिकतो.

आणि एकट्याला अंधेरी लांब आहे, दहाजणांना नाही. पनवेलहून दहाजणांनी एका डब्यात बसावे, डब्यात दशम्या-चटणी सोडावी, परतताना सामन्यावर तावातावाने वाद घालावा. वाशीची खाडी केव्हा ओलांडली ते कळणार नाही. त्या दहांत एक असा हवा, जो चार वर्षांत मैदानाकडे फिरकलेला नाही. 'इतके दिवस कुठे होतास?' असे त्याला विचारू नका. अंतरलेला माणूस त्या एका प्रश्नाला भिऊनच अर्ध्या वाटेवरून मागे फिरतो. खिडकीजवळची जागा त्याला द्या आणि आपल्या संघाचा नवा मधल्या फळीतला पोरगा कसा खेळतो, ते सांगायला लागा.